बारमध्ये आवडलेली बर्बन घरी कडू का लागली?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: केंटकीतल्या लुईव्हिलला आला असताना येथल्या एका बारमध्ये आपण एक बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून गाळलेली अमेरिकन व्हिस्की, घेतली. ती इतकी आवडली की कोलंबसला परतताना वाटेत तीच बाटली विकत घेतली. घरी उघडल्यावर मात्र पहिल्याच घोटाला जीभ पोळली आणि मागे लाकूड चावल्यासारखा कडूपणा उरला. बारमध्ये भलतेच काही ओतले गेले का, बाटली खराब निघाली का, की आपल्याला चव कळतच नाही, असे तीन संशय आपण मांडले आहेत. मी गेली सोळा वर्षे लुईव्हिलमध्ये बारच्या काउंटरमागे उभा आहे, आणि त्यातल्या अलीकडच्या काही वर्षांत कोणती बाटली घ्यायची व कोणती नाही हे चाखून ठरवण्याचे कामही माझ्याकडे आहे. हे तिन्ही संशय मी इतक्या वेळा ऐकले आहेत की उत्तर जवळजवळ पाठ झाले आहे: बहुतेक वेळा तिन्ही चुकीचे असतात.

आपण दोन व्हिस्क्यांची तुलना केलेली नाही, दोन संध्याकाळींची केली आहे, हा खरा प्रश्न आहे. आपणच दिलेले तपशील पाहा. बारमध्ये मोठ्या चौकोनी बर्फावर ओतलेली व्हिस्की होती, सोबत तळलेले चिकन होते, मित्र होते, आणि हा दुसरा ग्लास होता. घरी बर्फ नव्हता, पाणी नव्हते, बाटलीचे बूच नुकतेच निघाले होते, आणि जेवणात पिठले, भाकरी व मिरचीचा ठेचा होता. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर चव तीच लागली असती तरच मला आश्चर्य वाटले असते.

यातली सर्वांत मोठी गोष्ट बाटलीवरच्या आकड्यात आहे. आपण लिहिता की लेबलवर १२० प्रूफ आहे. अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीच्या दुप्पट. म्हणजे आपली बाटली ६० टक्क्यांची आहे. भारतात आपण ज्या व्हिस्कीवर वाढलो ती बहुधा ४२.८ टक्क्यांची असते, आणि तीही सोडा व बर्फ घालून प्यायची. बर्बन बाटलीत किमान ४० टक्क्यांची असावी लागते, परंतु वरच्या बाजूला कायद्याची मर्यादा आहे ती पिंपात भरतानाची: ६२.५ टक्के. केंटकीतल्या गोदामांत वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात इतका उकाडा होतो की पिंपातून पाणी अल्कोहोलपेक्षा वेगाने उडून जाते आणि वर्षे सरतात तसा आतला द्रव अधिक तीव्र होतो. पिंपातून काढून पाणी न घालता भरलेल्या बाटल्या म्हणूनच ५५ ते ६५ टक्क्यांच्या घरात असतात. अशी बाटली कोणी पाण्याच्या थेंबाशिवाय प्यावी अशी ती भरणाऱ्यांचीही अपेक्षा नसते. पाणी किती घालायचे हा निर्णय त्यांनी पिणाऱ्यावर सोडलेला असतो, इतकेच.

हिशेब सोपा आहे. ३० मिलिलिटर ६० टक्क्यांच्या व्हिस्कीत चहाचे दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, पाणी घातले की ती ४५ टक्क्यांवर येते. बारमधला तो मोठा बर्फ दहा-पंधरा मिनिटांत हेच काम गुपचूप करत होता, आणि वर थंडाव्यामुळे जिभेवरची आगही कमी करत होता. थंडाव्याने वासही दबतो, त्यामुळे बर्फावरची व्हिस्की परखण्यासाठी मी कधीच वापरत नाही. पण आवडीने पिण्यासाठी बर्फ घेण्यात काहीही गैर नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की असे प्रश्न उभे राहतात.

ठेच्याविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण आपल्या लोकांत ही चूक मला वारंवार दिसते. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना डिवचते, त्यांनाच अल्कोहोलही डिवचते. तिखट खाऊन घेतलेला घोट दुप्पट जाळतो तो त्यामुळे, व्हिस्कीच्या दोषामुळे नव्हे. चाखायचे असेल तर जेवणाआधी चाखावे, किंवा जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत. साध्या पावाचा तुकडा आणि खोलीच्या तापमानाचे पाणी एवढे सोबत पुरते. आणि एक गोष्ट घरातली: संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावली असेल किंवा स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडली असेल, तर त्या दिवशी पत्ते खेळावेत, व्हिस्कीवर मत देऊ नये.

आता बारची बाजू. भलतेच ओतले गेले असण्याची शक्यता मी शून्य म्हणणार नाही, पण ती फार थोडी आहे. त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा फरक पडतो तो ग्लासमुळे आणि बाटलीच्या पातळीमुळे. बारमधले ग्लास यंत्रात धुऊन जंतुनाशकातून निघतात, आणि घाईच्या वेळी त्यांना क्लोरीनचा किंवा ओल्या फडक्याचा वास राहतो. ओतण्याआधी रिकामा ग्लास नाकाशी नेऊन हुंगावा. वास आला तर पाण्याने विसळून द्यायला सांगावे. कोणताही चांगला बारटेंडर याचा राग मानत नाही. दुसरे, बाटली समोर आणून दाखवायला सांगावे. तळाशी जेमतेम दोन बोटे उरली असतील आणि ती महिनोन्‌महिने तशीच उभी असेल, तर हवेमुळे तिचा वास मवाळ झालेला असतो. काही व्हिस्क्यांना हा मवाळपणा थोडा मानवतोही. आपण बारमध्ये प्यालात ती कदाचित अशीच मुरलेली असेल आणि घरची अगदी कोरी. नव्या बाटलीचा पहिला पेग नेहमी वाईट असतो असे येथे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. माझ्या अनुभवात ते निम्मे खरे आहे. उरलेला निम्मा भाग असा की पहिल्या दिवशी आपली अपेक्षाच अवाजवी असते.

बारमध्ये मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून जातो तेव्हा व्हिस्कीला गुण देत नाही. गोंगाट, स्वयंपाकघराचा धूर, शेजारच्याचे अत्तर, बाटलीमागची रंगवून सांगितलेली गोष्ट, या सर्वांत गुण देणे म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून गवयाची परीक्षा घेण्यासारखे आहे. मी फक्त एवढेच ठरवतो की ही पुन्हा शांतपणे चाखण्याजोगी आहे की नाही. येथे पूर्ण पेग बहुधा दीड किंवा दोन औंसांचा असतो, म्हणजे ४५ ते ६० मिलिलिटर. पुष्कळ बारमध्ये मागितल्यास अर्धा पेग मिळतो. महागडी बाटली घेण्याआधी अर्धा पेग घ्यावा, बर्फाशिवाय, पाणी वेगळे. तीन-चार व्हिस्क्या एकत्र मागवल्या तर कमी प्रूफची आधी आणि जास्त प्रूफची शेवटी ठेवावी, आणि पहिल्या ग्लासातला एक घोट राखून तो सर्वांत शेवटी पुन्हा घ्यावा. या शेवटच्या घोटाने मला जितके शिकवले तितके कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. सुरुवातीला गोड वाटलेली व्हिस्की तीव्र व्हिस्कीनंतर पाणचट वाटते. म्हणजे बदलली ती जीभ.

घरी मात्र आपण बऱ्याच गोष्टी हातात ठेवू शकतो. ग्लास तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास एकवटतो. ग्लेनकेर्न नावाचा स्कॉटलंडचा ग्लास येथे सर्वत्र मिळतो, पण वाइनचा लहान ग्लासही चालतो. प्रत्येक ग्लासात १५ मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये. असे चार ग्लास म्हणजे आपला एक लार्ज पेग होतो, आणि त्यापुढे चाखणे संपून पिणे सुरू होते. व्यवसायात आम्ही बहुतेक घोट थुंकतो. घरी जवळ एखादा मग ठेवून तसे करायला संकोच वाटायचे कारण नाही. ओतल्यावर पाच-दहा मिनिटे ग्लास तसाच राहू द्यावा. हुंगताना नाक ग्लासात खुपसू नये, तोंड किंचित उघडे ठेवून काठापासून थोडे दूर धरावे, नाहीतर अल्कोहोलच्या झिणझिण्यांशिवाय काही कळत नाही. पहिला घोट फक्त तोंड सरावण्यासाठी असतो, त्यावर मत बनवू नये. दुसऱ्यापासून पाहावे. मग अर्धा चमचा पाणी घालून पुन्हा, आणि आणखी अर्धा चमचा घालून पुन्हा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोजपट्टी. एकटी व्हिस्की चाखून ती चांगली की वाईट हे सांगणे मलाही जमत नाही. शेजारी एक ओळखीची व्हिस्की लागते. माझ्या घरी ही जागा वर्षानुवर्षे ‘बॉटल्ड इन बाँड’ प्रकारातल्या एका स्वस्त बर्बनने अडवलेली आहे. हा प्रकार १८९७ च्या कायद्याने ठरलेला आहे: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर १०० प्रूफ, म्हणजे ५० टक्क्यांची. त्या काळी घाऊक व्यापारी कच्च्या मद्यात रंग, तंबाखू, फळांचा रस असले काहीबाही मिसळून ते व्हिस्की म्हणून खपवत असत. कर्नल एडमंड हेन्स टेलर आणि तेव्हाचे अर्थमंत्री जॉन कार्लाइल या दोघा केंटकीकरांनी हा कायदा रेटला. चव उत्तम असल्याची ग्वाही हे शब्द देत नाहीत, परंतु आत काय आहे हे त्यांच्यामुळे नेमके कळते, आणि मोजपट्टीला तेवढेच हवे असते. एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची किंवा ओल्ड ग्रँड-डॅडची बाँडेड बाटली घ्यावी. आपली १२० प्रूफची व्हिस्की पाणी घालून १०० प्रूफवर आणावी, म्हणजे १५ मिलिलिटरला अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त पाणी, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून चाखाव्यात. आपल्या बाटलीविषयीचे पहिले खरे मत तेव्हा तयार होईल.

आता शब्दांविषयी. व्हॅनिला, कॅरॅमल, टॉफी हे शब्द आपल्याला ग्लासात सापडत नाहीत म्हणून आपण स्वतःला कमी लेखता. हे शब्द ज्यांच्या लहानपणी त्या वस्तू होत्या त्यांचे आहेत. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. त्या जळण्याने लाकडातल्या साखरेचा पाक होतो आणि लाकडातल्याच लिग्निन नावाच्या घटकापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारे द्रव्य, तयार होते. ओकमध्येच नारळाच्या वासाचे आणि लवंगेच्या वासाचे घटक असतात. म्हणून मी माझ्या वहीत काकवी, चिक्कीचा खालून लागलेला पाक, खारीक, लवंग, भाजलेले खोबरे, सुताराच्या रंध्यातून नुकता निघालेला भुसा असे लिहितो. राय धान्य अधिक असेल तर काळी मिरी येते. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गमधल्या एका मोठ्या डिस्टिलरीत ९५ टक्के राय घेऊन गाळलेली व्हिस्की अनेक ब्रँड आपापल्या नावाने विकतात, आणि तिच्यात मला हटकून शेपू येतो, अगदी बाजारातून आणलेल्या जुडीसारखा. जॅक डॅनियल्समध्ये पिकलेले केळे न सापडणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही, फक्त कोणी विचारावे लागते. जिम बीमच्या घराण्यातल्या बाटल्यांत पुष्कळांना सालासकट भाजलेले शेंगदाणे लागतात. आणि मेकर्स मार्कसारखी, रायऐवजी गहू घेतलेली बर्बन घेतली की तिखटपणाच्या जागी नुसती भाकरीची गोडी राहते, असे माझे मत आहे; कोणी ती चपातीची म्हणेल. आपला शब्द वापरल्याने आठवण पक्की राहते, आणि सहा महिन्यांनी तीच व्हिस्की पुन्हा आली की ओळख पटते. चाखण्याच्या नोंदींचा उपयोग तेवढाच आहे.

या नोंदींवर फार विश्वास ठेवू नये, हे मला घरीच शिकावे लागले. पाच-सहा वर्षांपूर्वी बारसाठी एक पिंप निवडायचे होते, तीन नमुने घरी आणले होते, आणि पत्नीला मी सांगितले की मला न सांगता तीन ग्लासांत ओतून दे. मी अर्धा तास बसून गंभीरपणे लिहिले. पहिल्यात काकवी आणि संत्र्याची साल. दुसऱ्यात खारीक, थोडे चामडे, शेवट लांब. तिसऱ्यात कोरडेपणा, कडसर लाकूड, बहुधा वरच्या मजल्यावरचे पिंप. तिने कागद वाचला आणि म्हणाली, ‘‘अहो, तिन्हीत मधल्याच बाटलीतली ओतली आहे, बाकीच्या दोन बाटल्यांची झाकणे उघडलीच नाहीत.’’ तो कागद अजून आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. तिसरा ग्लास कडसर लागला कारण तो तिसरा होता. ओकमधले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, तोंडात साठत जाते आणि जीभ थकते. आपल्या घरच्या कडूपणातही या थकव्याचा वाटा किती, हे पाहण्याजोगे आहे, कारण आपण लिहिता की त्या दिवशी ‘नीट समजावे म्हणून’ आपण लागोपाठ तीन पेग घेतले.

त्यानंतर मी एक साधी चाचणी पाळतो. दोन बाटल्यांत फरक आहे असे वाटले तर कोणाला तरी तीन सारखे ग्लास भरायला सांगावे, दोनांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी, तळाला चिठ्ठ्या चिकटवून. आपण वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने ओळखण्याची शक्यता तीनात एक असते. वेगवेगळ्या दिवशी तीनदा ओळखला तर योगायोगाची शक्यता सत्तावीसात एक उरते, आणि मग मी म्हणतो की फरक खरा आहे. ४० डॉलरची आणि १५० डॉलरची बाटली अशी लावून पाहा. निकाल काहीही लागला तरी पुढच्या खरेदीत त्याचे पैसे वसूल होतात.

आपल्या पत्रात ‘स्मूथ’ हा शब्द पाच वेळा आला आहे. भारतातल्या बऱ्याच लोकप्रिय व्हिस्क्यांत मळीपासून काढलेला, चव जवळजवळ नसलेला मद्यार्क असतो, आणि तिथे न जाळणे हाच मोठा गुण ठरतो, कारण दुसरे फारसे काही शोधायचेच नसते. बर्बन ८० टक्क्यांपेक्षा जास्त शुद्ध गाळता येत नाही आणि तिच्यात बाहेरचा रंग किंवा स्वाद घालता येत नाही. धान्य, यीस्ट आणि लाकूड यांच्या चवी तिच्यात मुद्दाम राहू दिलेल्या असतात. तेव्हा ती जाळते का याऐवजी जाळ ओसरल्यावर तोंडात काय उरते, हे पाहावे. वाइल्ड टर्की १०१ ही ५०.५ टक्क्यांची आहे आणि पहिल्या क्षणी चांगलीच चटका देते, पण अर्ध्या मिनिटानंतर मागे रेंगाळणारी गोडी हे तिचे खरे रूप आहे. उलट कित्येक ४० टक्क्यांच्या बाटल्या मऊ लागतात आणि गिळताच नाहीशा होतात. माझ्या मते दुसरा दोष पहिल्यापेक्षा मोठा आहे, पण हे मत माझे आहे.

लेबलविषयी दोनच गोष्टी सांगतो. ‘स्मॉल बॅच’ या शब्दांना कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे त्यांना पैसे देऊ नयेत. ‘स्ट्रेट’ या शब्दाला आहे: किमान दोन वर्षे मुरलेली, आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय छापावेच लागते.

आपल्या बाटलीचे काय करावे, हे आता सांगतो. ती उभीच ठेवा, आडवी नको, कारण तीव्र अल्कोहोल बुचाला खाते. आणि उन्हापासून दूर ठेवा. दोन आठवडे तिला हात लावू नका. मग एखाद्या शनिवारी दुपारी, न्याहारीनंतर बराच वेळ गेला असताना, बाँडेड बाटलीशेजारी वर सांगितल्याप्रमाणे पाणी घालून १५ मिलिलिटर चाखा आणि चार ओळी लिहा. आठ दिवसांनी पुन्हा, ग्लासांचा क्रम उलटा करून. आणखी आठ दिवसांनी पत्नीला किंवा मित्राला चिठ्ठ्या लावून ओतायला सांगा. तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावरही कडूपणा तिन्हींत आला, तर ती व्हिस्की आपल्यासाठी जास्त लाकडाळलेली आहे, असे खुशाल समजा. फार वर्षे मुरलेल्या बाटल्या मलाही पुष्कळदा तशाच वाटतात. अशी बाटली ओतून देण्याचे कारण नाही. एक चमचा गुळाचा पाक, अँगोस्टुरा बिटर्स या कडू, मसालेदार अर्काचे दोन-तीन थेंब, ६० मिलिलिटर व्हिस्की, मोठा बर्फ आणि वर पिळलेली संत्र्याची साल असे ओल्ड फॅशन्ड नावाचे कॉकटेल करा. अशा पेयात लाकडाचा कडूपणा आणि १२० प्रूफ दोन्ही कामी येतात, आणि लुईव्हिलच्या त्या संध्याकाळच्या जवळपास आपण त्याच वाटेने पोहोचाल असा माझा अंदाज आहे.